नळापाशी एकदा, भिंतीपाशी एकदा

२ मार्च

गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. प्रदर्शनाचा विषय ठरला: खेळ. काही चित्रकार, काही छायाचित्रकार, आणि त्यांत मी. "काम करताना नोंदी ठेवा. फोटोशेजारी लावू. लोकांना वाचायला आवडतं," म्हणाल्या. म्हणून ही वही.

दिवसभर ओळखपत्रांचे फोटो काढले. हनुवटी खाली. कान दिसू द्या. हलू नका. इतकी वर्षं लोकांना हलू नका सांगून पोट भरलं, आणि आता मी खेळाचे फोटो काढणार. वहिनी म्हणाली, "म्हणजे गोगलगाईला शर्यतीत उतरवायचं." दोघी हसलो. दादा जेवत होता. तोही हसला, पण जरा उशिरा. त्याचं नेहमीचंच.

४ मार्च

बाईंनी पाहायला पुस्तकं दिली आहेत. चित्रकारांना पत्ते खेळणारी माणसं आवडतात. ती बसून असतात आणि त्यांतला एक तरी लबाडी करत असतो. छायाचित्रकारांना हवेतलं पोर आवडतं. पाण्यात झेपावणारं, डबक्यावरून उडणारं. पाय जमिनीला लागलेला नाही, तोंड उघडं. पानामागून पान तेच. सेकंदाचा बारीकसा तुकडा पकडायचा आणि त्याला खेळ म्हणायचं. खेळ तर दुपारभर चालतो.

माझ्याकडे भात्याचा जुना लाकडी कॅमेरा आहे. त्यात फिल्मऐवजी फोटो छापायचा कागद घालता येतो. कागद इतका मंद की भर उन्हातसुद्धा भिंगावरचं टोपण काढून बारापर्यंत मोजावं लागतं, मग टोपण परत लावायचं. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं. थांबलेलं तेवढं उरतं.

अशा कॅमेऱ्याने खेळ काढायचा. अजून कसा ते माहीत नाही. पण दुसऱ्या कशाने काढायचा नाही.

७ मार्च

कसा काढायचा ते ठकीने सांगितलं, तिच्या नकळत.

ठकी म्हणजे दादाची मुलगी, आठ वर्षांची. तान्ही असताना ठेवू तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून ठकी. मी दादाच्या घरात राहते. पुढची खोली माझा स्टुडिओ, मागची जुनी न्हाणी माझी डार्करूम. स्टुडिओच्या दारासमोर तीन घरांचं मिळून एक दगडी अंगण आहे. एका कोपऱ्यात नळ, समोर माझ्या खांद्याइतक्या उंचीची भिंत. दुपारी वहिनी औषधांच्या दुकानात असते, तेव्हा मुलं तिथे खेळतात.

आज मी कॅमेरा अंगणात लावून पाहत होते.

"आत्या, तुझा कॅमेरा आजारी आहे का?"

"का गं?"

"एवढा वेळ लागतो म्हणून."

"म्हातारा आहे. सावकाश बघतो."

"मग आम्ही थांबू त्याच्यासाठी." आणि ओरडली, "स्टॅच्यू!"

अख्खं अंगण गोठलं. कुणाचा हात वर, कुणाची बोटं नाकात. हा त्यांचा रोजचा खेळ. एकाने 'स्टॅच्यू' म्हणायचं, म्हणजे बाकीच्यांनी असतील तसं थांबायचं, म्हणणाऱ्याने 'ओव्हर' म्हणेपर्यंत. हलला तो बाद. शेजारच्या शिवणवाल्या बाईंची मुलगी नळापाशी ओंजळ धरून उभी राहिली. पुढचे दोन दात नाहीत, म्हणून पोरं तिला दातपडकी म्हणतात. तीही स्वतःला तेच म्हणते. पाणी हातावरून वाहत होतं, ती हलली नाही.

मला जे हवं होतं ते समोर उभं होतं. माझ्यासाठी मुद्दाम थांबा, असं कुणाला सांगायलाच नको. थांबणं हाच त्यांचा खेळ.

९ मार्च, रविवार

ठकी पडली. कोपर मोडलं. दादा आणि वहिनी तिला घेऊन दवाखान्यात आहेत. मी घरी थांबले आहे, कुणीतरी थांबायला हवं म्हणून.

फोटो चालू होते. पहिला कागद झाला, दुसरा घातला. मी घड्याळाकडे पाहत होते. आवाज आला. मी धावले.

१० मार्च

प्लास्टर घातलं आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत.

काल फार थोडं लिहिलं. भिंतीवर ती आपणहून चढली नव्हती. फ्रेमच्या वरच्या भागात काही नव्हतं. मी स्टुडिओतलं स्टूल लावून तिला चढवलं. एका पायावर उभी राहा म्हटलं, हात पसर म्हटलं. तिला आवडलं. अंगणात तिच्याइतकं न हलता कोणी उभं राहू शकत नाही आणि ते तिला ठाऊक आहे. 'स्टॅच्यू' मी म्हटलं. पहिला कागद झाल्यावर मी 'ओव्हर' म्हटलं नाही. कागद बदलायला थोडा वेळ गेला. ऊन होतं.

घरात हे कोणी विचारलेलं नाही. वहिनीने विचारलं, "कशी पडली?" मी म्हटलं, "खेळत होती." हे खोटं नाही.

संध्याकाळी ठकीपाशी बसले. तिने विचारलं, "आत्या, मी हलले का?"

मी म्हटलं, "थोडीशी."

का म्हटलं? 'नाही' म्हणाले असते तर तिने पुढचं विचारलं असतं. तिने प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, "सॉरी."

स्टूल अंगणातच राहिलं होतं. दादाने आत आणून जागेवर ठेवलं, फडक्याने पुसलं. काही बोलला नाही. तो मुळात कमीच बोलतो.

१२ मार्च

दोन्ही कागद धुतले. धुऊ नयेत असं वाटलं होतं. पण अर्धवट ठेवलेला कागद मला सहन होत नाही.

पहिला चांगला आहे. नीटनेटका, मेलेला.

दुसरा उलटवून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, नव्या कागदावर छापला. भिंतीवर ठकी उभी आहे, पण धुरासारखी. हात पसरलेले, आणि हातांच्या जागी प्रत्येकी चार-पाच हात, पिसांसारखे पसरत गेलेले. पडण्याआधी तोल सावरताना तिने ते हलवले असणार. पडण्याचा क्षण फोटोत नाही. इतक्या मंद कागदाला तो दिसतच नाही.

इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी निघालेला नाही. हे मी लिहिते आहे, आणि पलीकडच्या खोलीत तिला एका हाताने वेणी घालता येत नाही म्हणून ती रडते आहे.

१५ मार्च

गॅलरीवाल्या बाई आल्या होत्या. फोटो हातात धरून खिडकीपाशी गेल्या, उजेडात तिरका करून पाहिला. मग म्हणाल्या, "हेच. याला मधली भिंत देते. नाव काय ठेवायचं? भरारी?"

"बघू."

"किती आनंद आहे हो यात. ही मुलगी कोण?"

"भाची."

"भाग्यवान आहे. अशी आत्या मिळाली."

तेवढ्यात ठकी पाणी प्यायला आली. बाईंनी प्लास्टर पाहिलं. "अगं बाई, काय झालं?"

ठकी म्हणाली, "खेळताना पडले." माझेच शब्द. मी शिकवले नव्हते.

१७ मार्च

अंगणात भांडण झालं. समोरच्या घरातल्या आजी वहिनीला म्हणाल्या, की त्या दिवशी आवाज ऐकून त्या खिडकीशी आल्या, तेव्हा दातपडकी ठकीपाशी होती. "पोर खाली पडलेली आणि ती वर वाकून. आता तिने काय केलं ते तिलाच ठाऊक." एवढं पुरलं. वहिनी शिवणवाल्या बाईंच्या दारात गेली.

"तुमच्या मुलीने ढकललं माझ्या पोरीला."

"माझी मुलगी ढकलाढकली करत नाही."

"मग भिंतीपाशी काय करत होती?"

"उचलायला गेली असेल."

"आधी ढकलायचं, मग उचलायचं. चोर ते चोर आणि वर शिरजोर!"

शिवणवाल्या बाईंनी मान वर करून आमच्या घराकडे पाहिलं. मी स्टुडिओच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मग त्या मुलीला आत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

वहिनी परत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तिथेच होतीस ना? तू काही पाहिलंस?"

मी म्हटलं, "मी घड्याळ बघत होते."

हेही खोटं नाही. माझं एकही वाक्य खोटं नाही.

१८ मार्च

ठकीसाठी रंगीत खडूंची मोठी पेटी आणली. डाव्या हाताने काढता येतं म्हटलं. "थँक यू आत्या," म्हणाली आणि पेटी उशाशी ठेवली. उघडली नाही.

२० मार्च

दातपडकीला अंगणात यायची बंदी आहे. आमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही. ती तिच्या खिडकीत बसते, ठकी आमच्या. मधल्या अंगणात बाकीची मुलं खेळतात. स्टॅच्यू कोणी खेळत नाही. सांगावं लागलं नाही.

ठकी फार वेळ एका जागी बसून राहते. आज तिला विचारलं, "चित्र काढतेस?" तिने मान हलवली, नाही. फक्त मान.

ही वही आता गॅलरीवाल्या बाईंना देता येणार नाही.

२२ मार्च

बाईंना मोठा फोटो हवा आहे, म्हणून डाग शोधायला भिंग घेऊन बसले. ओळखपत्राच्या फोटोवरचे डाग मी डोळे झाकून काढते. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि खाली येत गेले. नळापाशी दातपडकी आहे, ओंजळ धरलेली. फिकट. तिच्यातून नळाची तोटी दिसते. हलली असेल, म्हटलं.

मग भिंतीच्या पायथ्याशी आले. मला तिथे सावली वाटली होती. ती सावली नाही. गुडघ्यावर बसलेली मुलगी आहे, खाली वाकलेली. तोच फ्रॉक.

एकाच फोटोत ती दोनदा आहे. नळापाशी एकदा, भिंतीपाशी एकदा.

दोन्हीकडे ती स्थिर आहे, म्हणून दोन्हीकडे उमटली. टोपण काढलं तेव्हा ती नळापाशी गोठलेली होती, म्हणजे ढकलण्याचा प्रश्नच नाही. ठकी पडल्यावर धावली, तिच्यापाशी बसली, आणि बसून राहिली. भिंगाचं तोंड तेव्हा उघडंच होतं.

त्या वेळी मी कुठे होते? नऊ तारखेला लिहिलं आहे: आवाज आला, मी धावले. धावले असते तर फोटोत मीही असते. धुरासारखी का होईना.

मी फोटोत कुठेच नाही.

२३ मार्च

दुपारी अंगण रिकामं असताना कॅमेरा त्याच जागी लावला. भिंतीवर स्टूल ठेवलं, त्याला पांढरं कापड गुंडाळलं. दोरी बांधून दुसरं टोक हातात धरलं. टोपण काढायचं, मोजायचं, मध्येच दोरी ओढून स्टूल पाडायचं, आणि तरी मोजत राहायचं. एका कागदावर लवकर पाडलं, एकावर मध्यावर, एकावर अगदी शेवटी. वापरलेला शब्द आता वाचते आहे: पाडलं. स्टूलच होतं.

त्या दिवशीच्या फोटोत ठकीच्या फ्रॉकमधून मागच्या घराच्या खिडकीचे गज दिसतात. ते किती ठळक आहेत त्यावरून ती भिंतीवर नसताना भिंग किती वेळ उघडं होतं ते कळतं. आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळेल. तिन्ही कागद वाळल्यावर शेजारी ठेवून पाहिले. मध्यावरच्याशी तो फोटो जुळतो.

म्हणजे जितका वेळ ती भिंतीवर होती तितकाच वेळ ती तिथे नव्हती. ती दगडावर पडून होती, आठ वर्षांची दुसरी पोर तिच्यापाशी पोचली होती, आणि मी घड्याळाकडे बघत मोजणं पूर्ण केलं. मग टोपण लावलं. नीट लावलं असणार, कारण कागदावर कुठेही उजेड शिरलेला नाही.

आवाज आला होता. तो आवाज आताही मला ऐकू येतो. ऐकला आणि मोजत राहिले.

२६ मार्च

डॉक्टर म्हणाले, हाड जुळतं आहे, पण हात पूर्ण सरळ होईलच असं नाही. दादाने विचारलं, "म्हणजे किती?" डॉक्टरांनी स्वतःचा हात थोडा वाकवून दाखवला. दादा त्या हाताकडे बघत राहिला. रिक्षात परत येताना तो माझ्या शेजारी बसला होता. उतरताना म्हणाला, "तुझं प्रदर्शन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"हं."

त्याला माझ्या कामात रस आहे याचं बरं वाटलं.

२८ मार्च

पडद्याचं कापड घेऊन शिवणवाल्या बाईंकडे गेले. पडदे नको होते. त्यांनी कापड मापलं, कडेला खडूने खूण केली. मुलगी आत होती, दाराच्या फटीतून तिचा पाय दिसत होता.

मी म्हटलं, "तुमच्या मुलीने ढकललं नाही, मला माहीत आहे."

त्यांचा खडू थांबला नाही. "आम्हालाही माहीत आहे."

"ती काही बोलली का तुमच्याशी?"

"बोलली ना. म्हणाली, आत्या घड्याळ बघत उभी होती. मी हाक मारली तरी बघत होती." त्यांनी कापडाची घडी घातली. "मी तिला गप्प केलं. म्हटलं, मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये. तेव्हापासून ती माझ्याशीही धड बोलत नाही."

हाक मला आठवत नाही.

"चुण्या घालायच्या की सरळ?" त्यांनी विचारलं.

"सरळ."

३० मार्च

वहिनीला डार्करूममध्ये बोलावलं. ती तिथे कधी येत नाही, वासाने तिचं डोकं उठतं. दार लावलं, लाल दिवा लावला आणि तिच्यासमोर तो फोटो पुन्हा छापला. आयता छापलेला हातात द्यायचं धाडस नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

कागद कोरा पांढरा होता. मग खिडकीचे गज आले, भिंत आली, दगड आले. ठकी सर्वांत शेवटी आली.

वहिनी वाकली. मी सगळं सांगितलं. स्टूल, एक पाय, 'ओव्हर' न म्हणणं. दातपडकी कुठे कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. गज दाखवले. त्यांचा अर्थ सांगितला.

ती म्हणाली, "स्टूलचं माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ह्यांना स्टूल आत आणताना मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, जाऊ दे. एकुलती एक बहीण आहे."

"मग तू शिवणवाल्या बाईंशी..."

"मग काय करू? घरातल्या माणसाशी वैर धरून त्याच घरात जेवायचं कसं? शेजारीण बरी. दार लावलं की संपलं." तिचा आवाज चढला नाही. "मी वाट बघत होते, तू बोलशील म्हणून. त्या दिवशी तुला विचारलं, तू काही पाहिलंस का? तू घड्याळाचं सांगितलंस."

ट्रेमध्ये फोटो काळा पडत चालला होता. बाहेर काढायला हवा होता. मी काढला नाही. आम्ही दोघी बघत राहिलो आणि सगळं बुडालं.

"याचा मूळ कागद कुठे आहे?"

मी काढून दिला. तिने तो न बघता पदरात धरला. दार उघडताना म्हणाली, "स्टूलचं मी समजू शकते. बाकीचं मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं." मग म्हणाली, "आणि मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

संध्याकाळी ती शिवणवाल्या बाईंच्या दारात उभी असलेली दिसली. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

१ एप्रिल

गॅलरीवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, तो फोटो देता येणार नाही. ती मुलगी पडते आहे त्यात.

त्या म्हणाल्या, "पण पाहणाऱ्याला ते कुठे कळतं?"

"मला कळतं."

"मग उलट तो जास्त मोठा फोटो आहे. तसंच लिहू ना शेजारी. सगळं खरं खरं. तुमच्या नोंदी आहेतच."

क्षणभर मला बरं वाटलं. सगळं खरं खरं, मधल्या भिंतीवर, चांगल्या उजेडात. लोक वाचतील आणि म्हणतील, किती प्रामाणिक बाई. तो क्षण लहान नव्हता. मी फोन धरून उभी होते आणि शब्द जुळवत होते.

मग म्हटलं, मूळ कागद माझ्याकडे नाही.

"हरवला?"

"नाही. जिचा आहे तिच्या आईकडे आहे."

मूळ कागद असता तर मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत नाही.

३ एप्रिल

ठकीला सांगितलं. तिच्या पलंगाच्या कडेवर बसून. रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण रडले असते तर तिनेच माझी समजूत काढली असती.

"तू हललीस म्हणून फोटो बिघडला नाही. फोटो बिघडलाच नाही. आणि तू हललीस ती माझ्यामुळे. मी तुला सोडवलंच नाही."

तिने विचार केला. "मी पडले तेव्हा तू बघत नव्हतीस?"

"घड्याळ बघत होते."

"आवाज नाही आला?"

"आला."

"मग?"

"मोजत होते."

"का?"

"फोटोसाठी."

ती प्लास्टरच्या कडेचा कापूस ओढत राहिली. "मी पण मोजत होते. पहिल्या वेळी तू टोपण काढलंस तेव्हा मी सुरू केलं. बरोबर बाराला तू लावलंस. मला वाटलं झालं. मग तू कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेलीस. दुसऱ्या वेळी कधी सुरू झालं ते भिंतीवरून मला दिसलं नाही, डोळ्यांवर ऊन होतं. मी आपलं परत परत बारा मोजत होते."

मी तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"पाय झोपला होता माझा," ती म्हणाली. "तरी मी उभी होते."

"हो. उभी होतीस."

"मग तू 'थोडीशी' का म्हणालीस? मी विचारलं तेव्हा?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. ते ती विसरली असेल असं मी धरून चालले होते.

"तू मला काही विचारू नयेस म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं बघतात तसं नाही. हरलेला गडी हरलो म्हणत नाही तेव्हा पोरं बघतात तसं.

"रडीचा डाव," ती म्हणाली.

"हो."

"दातपडकीला बोलव."

मी उठून बोलवायला गेले.

१२ एप्रिल

प्रदर्शन सुरू झालं. मी गेले नाही. माझ्या जागी दुसऱ्या कोणाचा फोटो लावला आहे असं कळलं. हवेतलं पोर आहे.

वहिनी माझ्याशी बोलते. मीठ दे, दार लाव, फोन आला होता. वाढताना माझं ताट शेवटी येतं. आधी कितवं यायचं ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. दादा पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. ते जास्त अवघड आहे.

१९ एप्रिल

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला आहे, आणि डॉक्टरांनी दाखवला होता तसाच, थोडा वाकलेला. वहिनीने तो तेल लावून चोळला. मी तेलाची बाटली धरून उभी होते. ठकीने तो एकदा ताणून पाहिला, मग तसाच ठेवला आणि अंगणात गेली.

पकडापकडी चालली होती. मी स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिले. कॅमेरा आत होता. काढायचा विचार आला नाही असं लिहिणार होते. आला. उजेड चांगला होता.

ठकीने मला पाहिलं. "आत्या, येतेस?"

दातपडकी लगेच म्हणाली, "ती नको." तिचा एक नवा दात अर्धा वर आला आहे. "ती चिडी खेळते."

पोरं थांबली. हे प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. ठकीने कमरेवर हात ठेवले, एक नीट बसला, दुसरा जरा बाहेर राहिला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दातपडकीकडे. तिला दोघींपैकी कुणालाही सोडायचं नव्हतं आणि नियमही मोडायचा नव्हता.

"असू दे," ती म्हणाली. "तिला कच्चं लिंबू घेऊ."

यावर कोणाची हरकत नव्हती. कच्च्या लिंबाला आमच्या लहानपणी आम्हीही घ्यायचो. कुणाचं तरी शेंबडं भावंड, घरी ठेवता येत नाही म्हणून आणलेलं. त्याने पळायचं, पण त्याला पकडलं तरी ते बाद नाही. त्याने कुणाला शिवलं तरी मोजायचं नाही. त्याच्यावर राज्य येत नाही.

मी चपला काढल्या आणि अंगणात उतरले. राज्य दातपडकीवर होतं. ती सुटली तशी मुलं किंचाळत पांगली. एकजण नळाकडे, दोघं जिन्याकडे, ठकी वाकडा हात पोटाशी धरून भिंतीच्या कडेकडेने. दातपडकी माझ्या दिशेने आली, थेट, वाऱ्यासारखी. मी पळाले. ती माझ्या इतक्या जवळून गेली की तिचा श्वास मला ऐकू आला, आणि ती ठकीच्या मागे गेली.

मी पळत राहिले. भिंतीपर्यंत गेले, वळले, नळापर्यंत आले. माझ्यामागे कोणीच नव्हतं.